पाखडलेली ज्वारी

आमच्या घरात ज्वारीची पोती छपराला टेकलेली असायची आणि त्याच पोत्यांखाली आम्ही तिघं पेज पिऊन झोपायचो. हे मी परिसंवादांत सांगत नाही. तिथे जमणाऱ्या लोकांना गरिबी ऐकली की मान तिरकी करायची सवय असते, आणि त्या तिरक्या मानांचा मला आता मनापासून कंटाळा आलाय. पण हे पुस्तक माझं आहे, इथे सांगते. घाटकोपरला पश्चिमेकडच्या टेकडीवर चाळी एकमेकींच्या खांद्यावर पाय देऊन चढल्यात, त्यांतल्या एका चाळीत आमची खोली. दाराशी मोरी, वर पत्रा, पत्र्याखाली माळा आणि माळ्यावर पोती. बाबा विक्रोळीला नटबोल्टच्या एका कारखान्यात होते. मालकाने एका सकाळी फाटकाला कुलूप ठोकलं. त्यानंतर कित्येक महिने बाबा रोज डबा घेऊन त्या कुलपापर्यंत जायचे, फाटकाशी बसून डबा खायचे आणि परत यायचे. मी तेव्हा शाळेत होते आणि बाबा कामावर जातात असंच मला वाटायचं. मग आमच्या गावचा एक म्हातारा कायमचा देवगडला परत जायला निघाला, त्याने जाताना आपला धंदा बाबांच्या हातात दिला. धंदा म्हणजे एक टोपली, एक पत्र्याचं मापटं आणि खालच्या चौकातली बसायची जागा. कबुतरांचे दाणे विकायचे.

आम्ही तळकोकणातली माणसं, आमचं पोट भातावर. ज्वारीची भाकरी आईला थापता येत नव्हती असं नाही, पण माळ्यावरच्या ज्वारीला तिने कधी हात लावला नाही. कुळथाची पिठी, भाताची पेज, बरे दिवस असले तर सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजलेला. ते नसलं तर पेजेत मीठ. एकदा मी भुकेने विचारलं की एवढी ज्वारी आहे तर त्यातलीच शिजवूया की. आई म्हणाली, ती दानाची आहे, दानाचं आपण खायचं नसतं. विकलेलं चालतं, खाल्लेलं चालत नाही, हे शास्त्र तिने कुठून आणलं होतं देव जाणे. गरिबाला असली शास्त्रं फार लवकर पटतात.

टेकडी उतरून बाजाराकडे वळलं की तो चौक. मधोमध लोखंडी कठड्याचं गोल आवार, आत फरशी, पाण्याची हौदी आणि फरशी दिसणार नाही इतकी कबुतरं. एखादी रिक्षा जोरात हॉर्न वाजवत गेली की सगळी एकदम उडायची, ओली चादर झटकल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मग वरून बारीक पांढरट धूळ हळूहळू खाली यायची. बाबांच्या केसांवर, टोपलीवर, शेजारच्या चहाच्या किटलीवर. ती धूळ आम्ही पदराने पुसायचो आणि पुढे कामाला लागायचो.

दाणे टाकायला येणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले, आणि त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हाच बनलं ते आजवर बदललेलं नाही. एक बाई मोटारीतून यायच्या. काच जेमतेम हात बाहेर येईल एवढीच खाली करायच्या आणि बाबांनाच म्हणायच्या, तुम्हीच टाका, पण माझं नाव मनात घेऊन टाका. बाबा मान हलवून टाकायचे. त्यांचं नाव काय हे बाबांनी कधीच विचारलं नव्हतं. एक गृहस्थ सख्ख्या भावाची खोली गिळून बसले होते, सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. ते रोज यायचे आणि सगळ्यांत मोठं माप घ्यायचे. कुणाला ज्योतिष्याने सांगितलेलं, कुणाला सुनेने घरात बोलू दिलेलं नसायचं म्हणून दोन घटका इथे कबुतरांशी बोलायला. सगळ्या धर्मांचे, सगळ्या जातींचे. बाकी कशात नसली तरी या एका बाबतीत मुंबईत पक्की एकात्मता होती. आपल्या दारातल्या कामवालीला उरलेली पोळी देताना हात आखडणारी माणसं इथे मुठी भरभरून उधळायची, कारण कबूतर पगारवाढ मागत नाही.

आणि या सगळ्यांचे पुढारी सामंत साहेब. आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे त्यांचा मला दुप्पट राग. बँकेतून निवृत्त झालेले, चौकाला लागून असलेल्या सोसायटीचे चेअरमन आणि स्वतःच काढलेल्या पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष. पांढरा झब्बा, गळ्यात दुर्बीण. त्या दुर्बिणीतून समोरच्या बिल्डिंगपलीकडचं त्यांनी काही पाहिलं असेल असं वाटत नाही. राहायचे दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी थेट चौकावर. त्या बाल्कनीला त्यांनी वरपासून खालपर्यंत जाळं बांधलं होतं. आज मुंबईत प्रत्येक टॉवरला ही जाळी दिसते, फोन केला की माणसं येऊन लावून जातात. तेव्हा तसलं काही नव्हतं. सामंत साहेबांनी बाबांनाच विचारलं, आणि बाबांनी खारदांड्याच्या ओळखीच्या कोळ्याकडून मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं आणून स्वतः खिळे ठोकून लावून दिलं. सामंतीणबाईंनी ते चारचारदा धुतलं तरी त्याला बोंबलाचा वास येतच राहिला. जाळं कशाला, असं बाबांनी भाबडेपणाने विचारलं होतं. साहेब म्हणाले, अरे भिकाजी, फार घाण करतात ती, मिसेसला सारख्या शिंका येतात. हे सांगून झाल्यावर खाली उतरले आणि दोन मापं दाणे टाकले.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते, जी सांगितल्यामुळे पुढचं सगळं झालं. लोक दाणे टाकायचे ते कबुतरांच्या भुकेच्या मापाने टाकायचे नाहीत, आपल्या पापांच्या मापाने टाकायचे. त्यामुळे सुटीच्या दिवशी संध्याकाळी फरशीवर ज्वारीचा थर उरलेला असायचा आणि कबुतरं त्याच्यावर नुसती चालत असायची. दिवेलागणीला गर्दी पांगली की आई खराटा घेऊन जायची, तो थर झाडून गोणीत भरायची आणि टेकडीवर आणायची. दुसऱ्या दिवशी चाळीच्या मागच्या ओट्यावर आधी चाळणीतून चाळायची, मग सुपात घेऊन पाखडायची. सुपाचा तो आवाज, सळ्ळ आणि मग हलकेच फट्, हे माझ्या लहानपणातलं घड्याळ. त्याच आवाजावर मी उठले, त्याच आवाजावर पाढे पाठ केले. सुपातून पिसं उडायची, वाळलेली विष्ठा भुकटी होऊन उडायची, आणि सकाळच्या उन्हात आई त्या धुळीच्या मधोमध बसलेली, नाकाला पदर, डोळे बारीक. धुतली असती तर बरं झालं असतं, पण धुतलेली ज्वारी दमट होऊन कुबट वास मारते, गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून सगळं कोरडंच. साफ झालेली ज्वारी नव्या पोत्यात मिसळायची आणि पुन्हा टोपलीत जायची. एकच दाणा किती जणांचं पुण्य करून आला असेल याचा हिशोब देवानेच ठेवला असेल तर असेल.

मी मोठी झाल्यावर बाबांना विचारलं होतं, हे बरोबर आहे का. बाबा हसले. "पुण्य काय शिळा होता काय गो?" म्हणाले. देणाऱ्याने दिलं, कबुतराने खाल्लं तेवढं खाल्लं, उरलं ते आपण उचललं. यात कुणाचं काय गेलं? आजही मी या व्यवहाराबद्दल मान खाली घालणार नाही. लाज वाटायचीच असेल तर ती वाटायला त्या चौकात आमच्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ होती.

प्राणिशास्त्राकडे मी कशी वळले असं मुलाखतींत विचारतात. त्यांना एखादं जंगल, एखादा वाघ ऐकायचा असतो. मी वळले आमच्या पत्र्यामुळे. पत्रा आणि भिंत यांच्या फटीत चिमण्या राहायच्या. मागच्या शेवग्यावर दयाळ यायचा आणि पहाटे इतकं गोड ओरडायचा की आई त्याला शिव्या द्यायची, झोप मोडतो म्हणून. साळुंक्या होत्या, बुलबुल होते, तांबटाची टुकटुक दुपारभर चालायची. मी बारावीपर्यंत पोचले तोवर खालची डबक्यांची जमीन भरून तिथे बिल्डिंगी आल्या, बिल्डिंगींना सज्जे आले, आणि कबूतर हा मुळात कड्याकपारींचा पक्षी, त्याला ते सज्जे म्हणजे कडेच. खायला चौकात बारमाही पंगत. चिमणीला पिलांसाठी किडे लागतात, किड्यांना झाडं लागतात, झाडांना माती लागते. यातलं काहीच उरलं नाही. बघता बघता फटीतही कबूतर शिरलं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपण सकाळी फक्त घुमणं ऐकतो. मला ते एका पक्ष्याचं वाढणं वाटलं नाही, कुणीतरी बाकी सगळ्यांचे आवाज बंद केल्यासारखं वाटलं.

कॉलेजात सरांना मी सांगितलं की मला चौकातल्या कबुतरांवर प्रोजेक्ट करायचंय. सर हिमालयातल्या पक्ष्यांचे मोठे जाणकार. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "अगं, कबूतर म्हणजे वन्यजीव आहे का?" वर्ग हसला. माझी बाकावरची मैत्रीण हळूच म्हणाली, जाऊ दे यार, तू चिमण्यांवर कर, चिमणी क्यूट तरी असते. आजही या विषयात क्यूटपणाचं राज्य आहे. जैवविविधतेने माणसाचं जीवन कसं समृद्ध होतं यावर वातानुकूलित हॉलमध्ये मी शेकडो स्लाइडी बघितल्यात, आणि प्रत्येकीत रोहित पक्षी. कुठला जीव वाढला, कुठला गेला आणि त्या अदलाबदलीचा हप्ता कुणाच्या शरीरातून कापला गेला, हे विचारलं की चहाची वेळ होते.

आमच्या घरात तो हप्ता आईच्या छातीतून कापला जात होता. आधी कोरडा खोकला. मग टेकडी चढताना दर वळणावर बसणं. सुपाचा आवाज ऐकू यायचा तो मधे मधे थांबायला लागला, सळ्ळ, फट्, आणि मग खोकला, मग पुन्हा सळ्ळ. टेकडीवर कुणी खोकलं की टीबी, हे डॉक्टरांना तपासायच्या आधीच माहीत असतं. थुंकीत काही सापडलं नाही तरी दवाखान्याने आईला टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, लघवी लाल झाली, भूक मेली, खोकला तसाच. शेजारणींनी आमच्या घरचा चहा घेणं सोडलं. आई म्हणायची, "माका काय्येक झालेला नाय. धुळीचो खोकलो तो, जायत." स्वतःच्या तोंडाने रोगाचं नाव घेत होती आणि तिला कळत नव्हतं. मलाही तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं त्या डॉक्टरांना, ज्यांनी वर मान करून ती करते काय एवढं एकदाही विचारलं नाही.

ते विचारलं डॉक्टर परेरांनी. मी हट्ट करून आईला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथे छातीच्या विभागात त्या होत्या. अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या, केस पिकलेल्या, पेशंटला सरळ अगं-तुगं करणाऱ्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, मग आईकडे वळल्या.

"बाय, घरात पक्षी पाळतेस काय गं तू? पोपट, लव्हबर्ड, कोंबडी?"

"नाय ओ," आई म्हणाली. "माणसांकच जागा नाय, पक्षी खंय ठेवूचे?"

डॉक्टरांनी पेन उचललं. आई खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी पक्षी म्हणजे दयाळ, पक्षी म्हणजे पोपट. कबुतरं हा धंदा होता. मी मधे पडले आणि सगळं सांगितलं, चौक, खराटा, चाळण, सूप, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोज किती वेळ पाखडते, नाकाला काय लावते, किती वर्षं झाली, एकेक विचारत गेल्या, आणि आई चोरासारखी माझ्याकडे बघत राहिली. पुढे बऱ्याच तपासण्या झाल्या, पण निकाल त्यांनी त्या दिवशीच दिला होता. ती भुकटी छातीत जाऊन फुप्फुसं चिडतात, चिडून चिडून घट्ट होत जातात. गोळ्या देते, त्या म्हणाल्या, पण गोळ्या खाऊन परत सुपापुढे बसलीस तर माझ्याकडे येऊ नको. "आता सोडलंस तर जगशील. छाती सगळी सुकली की मग मी काय, मदर मेरी पण काही करणार नाही."

घरी येऊन आईने गोळ्या फळीवर ठेवल्या, पदर खोचला आणि सूप घेतलं. मी ते हातातून ओढलं. तिने परत घेतलं. "तू कॉलेजात गेलंस म्हणान माका शिकवतलंस?" म्हणाली. तिचा हिशोब साधा होता. नुसती नवी ज्वारी विकून घर चालत नव्हतं, चालत होतं ते झाडून आणलेल्यावर. बाबा आमच्या दोघींच्या मधे पोत्यासारखे बसून राहिले. शेवटी म्हणाले, थोडे दिवस थांबा, सामंत साहेब काहीतरी करणार आहेत आपलं.

सामंत साहेब काय करणार होते ते आठवड्याभरात कळलं. चौकातल्या काही रहिवाशांनी वॉर्ड ऑफिसात तक्रार केली होती की हे दाणे टाकणं बंद करा. साहेबांना ते थांबवायचं होतं. त्यांनी मंडळातर्फे शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला, नगरसेवकांना बोलावलं, आणि त्यात माझ्या आईचा सत्कार. पक्ष्यांच्या जिवावर जगणारी आणि पक्ष्यांना जगवणारी माउली. अशी गरीब बाई स्टेजवर असली की तक्रार करणारे आपोआप दुष्ट ठरतात. बदल्यात नगरसेवकांकडून बाबांना चौकात परवान्याचा पक्का स्टॉल मिळवून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. बाबांचे डोळे चमकत होते. कुलपासमोर बसून डबा खाल्लेल्या माणसाला शटर असलेला स्वतःचा स्टॉल म्हणजे काय, ते मला समजत होतं. आणि त्या स्टॉलमागे आई मरेपर्यंत पाखडत बसणार, हेही समजत होतं.

मी साहेबांच्या घरी गेले. जाळ्याच्या सावलीत बसून त्यांना आईचा आजार सांगितला. त्यांनी चुकचुक केली, बिस्किटं पुढे केली, आणि म्हणाले, "अगं नंदा, हे डॉक्टर लोक घाबरवतात. आमची मिसेससुद्धा शिंकायची. जाळं लावलं, झालं." मग म्हणाले, तू प्राणिशास्त्राची ना, मग सत्कारानंतर दोन शब्द तूच बोल. कबुतरं आणि माणूस यांचं नातं. गोड बोल, नगरसेवक आहेत. मी बिस्कीट खाल्लं आणि हो म्हणाले.

हॉल भरला होता. मोटारवाल्या बाई पुढच्या रांगेत, भावाची खोली गिळलेले गृहस्थ त्यांच्या मागे. आईने लग्नातली हिरवी साडी नेसली होती. नाव पुकारल्यावर ती उठली आणि स्टेजच्या चार पायऱ्यांपैकी दुसऱ्याच पायरीवर थांबली. श्वास येईना. मंडळाच्या दोन बायकांनी काखेत हात घालून तिला वर ओढलं, आणि लोकांना वाटलं ती भारावून गेलीय. टाळ्या वाजल्या. शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत तिचे ओठ निळसर दिसतात, माझ्याकडे आहे तो अजून. मग मला माईकवर बोलावलं.

मी आधी आजारच सांगितला. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेने फुप्फुसांचं काय होतं, ती धूळ चौकात किती उडते, माझ्या आईची छाती आज कशी आहे. सगळं नीट, शिकल्यासारखं सांगितलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. मोटारवाल्या बाईंनी मान तिरकी केली. सामंत साहेब गोड हसत होते, पोरगी भावनेच्या भरात बोलतेय अशा अर्थाचं. तेव्हा मला स्वच्छ कळलं की या माणसांना माझ्या आईच्या श्वासाने हलवता येणार नाही. गरीब बाई खोकतेय, यात नवीन काय. त्यांना हलवायचं तर त्यांच्या मालाला हात घालायला हवा.

म्हणून मी म्हणाले, "तुम्ही रविवारी टाकलेली ज्वारी माझ्या आईने झाडून नेली, पाखडली, आणि मंगळवारी तुम्हालाच परत विकली. वर्षानुवर्षं हेच चाललंय. तुमच्या हातातला दाणा आधी कुणाकुणाच्या नावाने टाकलेला होता, ते आम्हालाही ठाऊक नाही."

मोटारवाल्या बाई उभ्या राहिल्या. "म्हणजे आमचं पुण्य?" त्यांनी विचारलं. एवढंच. माझी आई स्टेजवर शाल घेऊन बसलेली, धाप लागलेली, तिच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. ज्या माणसांना फुप्फुसं ऐकून जांभई येत होती ती पुण्य सेकंडहँड निघाल्यावर पेटून उठली. खोली गिळलेले गृहस्थ फसवणूक, फसवणूक असं ओरडत होते, आणि मला आजही त्यांच्या तोंडचा तो शब्द आठवला की हसू येतं. नगरसेवक फोन आल्याचं सांगून निघून गेले. सामंत साहेबांनी माईकवर हात ठेवला. मी तेवढ्यात एवढंच म्हणाले की साहेबांच्या बाल्कनीला जाळं आहे, माझ्या आईच्या नाकाला पदर आहे, कबुतरांची धूळ दोघांकडेही सारखीच येते. मग खाली उतरले आणि आईला हात दिला.

टेकडी चढायला आम्हाला फार वेळ लागला. दर वळणावर ती बसत होती आणि मी तिच्यासमोर उभी राहत होते. तिसऱ्या वळणावर ती बोलली. "चार लोकांत माका चोर केलंस."

"केलंय," मी म्हणाले. "आता कोणी तुझ्याकडून दाणा घेणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती. मी काय केलंय आणि कशासाठी, ते तिला तिथेच कळलं असणार. पण म्हणाली ती एवढंच, "आता खातलंव काय?" आणि उठून पुढच्या वळणाला लागली.

बाबा माझ्याशी पावसाळा संपेपर्यंत बोलले नाहीत. टोपली गेली, स्टॉलचं स्वप्न गेलं. महिनाभर सामंत साहेबांच्या सोसायटीने चाळीतल्या बायकांना कामावरून बंद ठेवलं, मग त्यांनाच भांडी घासायचा कंटाळा आला. पुढे बाबांना मुलुंडला एका गोदामात रखवालदारी मिळाली. चौक काही सुधारला नाही, हेही सांगायला हवं. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कुणीतरी टोपली लावली, तीच माणसं त्याच काचा खाली करून तेच दाणे टाकू लागली, फक्त आता विकणाऱ्याला आधी विचारायची, ताजे आहेत ना. माझ्या बोलण्याने मुंबईतलं एकही पुण्यवान माणूस शहाणं झालं नाही. तो गैरसमज मी तेव्हाही करून घेतला नव्हता.

आईचा चेहरा गोळ्यांनी गोल सुजला, मग हळूहळू उतरला. सुकलेला भाग सुकलेलाच राहिला, पण पुढे वाढला नाही. सुपात ती परत तांदूळ पाखडू लागली, घरच्यापुरते. आता त्या आवाजात खोकला नव्हता.

मी एमएस्सी केलं, आणि पीएचडी ज्या कबुतरांना सरांनी वन्यजीव मानायला नकार दिला होता त्यांच्यावरच केली. कबुतरं आणि ती ज्यांच्या छातीत उतरतात ती माणसं, असा माझा विषय. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, पहिली डॉक्टरेट माझी. पदवीदानाला विद्यापीठाच्या पायऱ्या पुष्कळ होत्या. आईने तीच हिरवी साडी नेसली होती. बाबांनी तिला हात द्यायला पुढे केला, तिने तो बाजूला सारला. मधे एकदा थांबली, श्वास घेतला, आणि उरलेल्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून वर आली.